गुहेतल्या डायव्हिंगसाठी कॅनिस्टर दिवा कोणता घ्यावा? लुमेन किती, झोत केवढा, बॅटरी कोणती?

समुद्रकाठ (धागाकर्ती), पुणे

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी मेक्सिकोतल्या तुलुमजवळच्या सेनोटेंमध्ये (चुनखडीतल्या, पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये) गुहा-डायव्हिंगचे पहिले प्रशिक्षण घेणार आहे. आजवर माझ्या १४० बुड्या झाल्या आहेत. त्यातल्या बहुतेक अंदमानातल्या, काही नेत्राणीच्या आणि थोड्या मालवणच्या आहेत, आणि या सगळ्यांना हातात धरायची साधी विजेरी पुरली. प्रशिक्षकांनी पाठवलेल्या यादीत मात्र प्रत्येकाकडे एक मुख्य आणि दोन राखीव असे तीन दिवे हवेत, आणि मुख्य दिवा शक्यतो कॅनिस्टर प्रकारचा असावा, असे लिहिले आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात बॅटरी दिव्याच्या पोटात नसते. ती एका वेगळ्या जलरोधक डब्यात असते. डबा कमरेच्या पट्ट्यावर उजव्या बाजूला बसतो, त्यातून मीटरभर लांबीची जाड वायर निघते आणि वायरीच्या टोकाला दिव्याचे लहानसे डोके असते. ते डोके ‘गुडमन हँडल’ नावाच्या कडीने डाव्या हाताच्या पाठीवर बसते, त्यामुळे बोटे गुहेतली वाट दाखवणारी दोरी धरायला मोकळी राहतात.

बाजारात १,२०० लुमेनपासून १०,००० लुमेनपर्यंतचे दिवे दिसतात आणि १०,००० लुमेनवाला दिवा फारसा महागही नाही. शिवाय एक परिचित त्यांचा जुना २१ वॅटचा एचआयडी (एलईडीऐवजी विद्युत-चापाच्या बल्बचा) कॅनिस्टर दिवा अगदी कमी किमतीत देत आहेत. हा खर्च मला एकदाच करायचा आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गुहावासी, फ्लॉरिडा

आपण प्रश्न वेळेवर विचारलात. पहिली गोष्ट ही की लुमेनचा आकडा बाजूला ठेवा. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो एवढेच लुमेन सांगते. तो उजेड केवढ्या शंकूत कोंडला आहे हे त्यातून कळत नाही, आणि गुहेत तर सगळे त्यावरच अवलंबून असते. १,००० लुमेनचा उजेड १० अंशांच्या शंकूत सारखा भरला, तर त्याची प्रखरता साधारण ४२,००० कँडेला भरते. तोच उजेड दहापट करून, म्हणजे १०,००० लुमेन करून, १०० अंशांत पसरला तर प्रखरता जेमतेम ४,५०० कँडेला उरते. तुम्हाला स्वस्त वाटलेला दिवा बहुधा व्हिडिओसाठी बनवलेला असणार. प्रवाळाची रुंद चौकट सारखी उजळण्यासाठी तो उत्तम आहे, पण गुहेत तो सोबत्यांच्या त्रासाचे कारण ठरतो.

त्रास दोन प्रकारचा असतो. कौलांतून येणाऱ्या कवडशात घरातली धूळ जशी उठून दिसते, तसे रुंद झोतात पाण्यातले सगळे कण चमकतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. अरुंद झोतात चमकणारे कण मोजके असतात आणि त्यांच्या पलीकडची भिंत दिसते. दुसरा त्रास संवादाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. पाण्याखाली, त्यातही अंधारात, दिवा हाच आपला आवाज असतो. झोताचे सावकाश वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे ना?’, सावकाश आडवी हालचाल म्हणजे ‘इकडे लक्ष दे’, आणि झपाट्याने आडवी हालचाल म्हणजे संकट. झोताला घट्ट गाभा असेल तरच ही खूण सोबत्याच्या स्वतःच्या उजेडावर उठून दिसते. पसरट उजेड हलवला तर समोरच्याला फक्त सगळे थोडे उजळल्यासारखे वाटते.

एक प्रसंग सांगतो. इथल्या गिनी स्प्रिंग्जमधल्या डेव्हिल्स या गुहा-प्रणालीत प्रवाह जोराचा असतो आणि आत जाताना खडकाला धरून पुढे सरकावे लागते. मी पुढे होतो आणि माझी सोबतीण मागे होती. तिच्या दिव्याचे पांढरे वर्तुळ माझ्या वर्तुळाच्या उजवीकडे, चुनखडीवर हातभर अंतरावर सतत दिसत होते. ते जोवर शांतपणे सरकत होते तोवर मला वळून पाहण्याची गरज नव्हती. एका वळणानंतर ते वर्तुळ थांबले, मागे पडले आणि नंतर माझ्या समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरू लागले. मी वळलो. तिच्या एका पायाच्या फिनचा पट्टा सुटला होता आणि ती एका हाताने खडकाला धरून थांबली होती. आम्ही पट्टा लावला आणि तिथूनच परत फिरलो. दिव्याचा गाभा घट्ट नसता तर ती खूण माझ्यापर्यंत पोहोचलीच नसती.

म्हणून माझी शिफारस अशी की झोताचा गाभा ६ ते १० अंशांचा असावा, भोवती थोडा फिका उजेड असावा आणि १,००० ते २,००० लुमेन असावेत. मेक्सिकोतल्या बहुतेक गुहांच्या भिंती फिकट असतात आणि पाणी अतिशय निवळ असते, त्यामुळे तिथे याहून प्रखर दिवा उलट डोळ्यांवर येतो. फ्लॉरिडातल्या काही गुहांत भिंतींवर काळपट तपकिरी थर असतो आणि तो उजेड गिळतो. तिथे थोडा जास्त जोर उपयोगी पडतो.

रापण, मालवण

समुद्रकाठताई, इथल्या पाण्यासाठी कॅनिस्टर दिवा घेण्याचा विचार असेल तर माझे मत ‘नको’ असे आहे. पावसाळ्यानंतर कर्ली नदीचा गाळ देवबागच्या मुखातून बाहेर येत असतो. तेव्हा दिव्याचा जोर वाढवून काही हाती लागत नाही, आणि पाणी निवळल्यावर दिवसाउजेडी हातातली विजेरी कपारीत डोकावायला पुरते. मी स्वतः बारा अंशांच्या झोताची लहान विजेरी वापरतो. नांगराचा दोर खडकात अडकला की तो कुठे अडकला आहे ते तिच्या उजेडात नेमके दिसते.

गुहेसाठी जात असाल तर गुहावासी यांचे ऐका. एक विनंती मात्र करतो. नवा दिवा पहिल्यांदा परदेशात पाण्यात उतरवू नका. आधी इथे येऊन चार बुड्या त्याच्यासोबत करा.

समुद्रकाठ, पुणे

दोघांचे मनापासून आभार. आकडेमोड वाचून डोळे उघडले. एक शंका आहे. एका दिव्याच्या माहितीत ‘१० अंश, हवेत’ आणि दुसऱ्याच्या माहितीत ‘८ अंश, पाण्यात’ असे दिले आहे. या दोहोंची तुलना कशी करावी?

सेलजोड, चिंचवड

मी बॅटरी पॅक जुळवण्याच्या व्यवसायात आहे आणि हौसेने डायव्हिंग करतो. दिव्याची काच सपाट असेल तर उजेड पाण्यात शिरताना वाकतो आणि शंकू लहान होतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरला तर हवेतले १० अंश पाण्यात साधारण साडेसात होतात. म्हणजे तुमचा पहिला दिवा पाण्यात दुसऱ्यापेक्षा किंचित अरुंद आहे. रुंद झोताच्या बाबतीत फरक मोठा पडतो. हवेतले १०० अंश पाण्यात ७०च्या आसपास येतात, म्हणूनच व्हिडिओच्या चांगल्या दिव्यांना घुमटाकार काच बसवतात. लुमेनचा आकडाही काही उत्पादक एलईडीच्या कागदावरच्या क्षमतेवरून देतात. काच, परावर्तक आणि उष्णता यांत त्यातला बराच भाग जातो. दिव्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा उजेड मोजून आकडा दिला आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

आता बॅटरीविषयी लिहितो, कारण कॅनिस्टर दिव्याचे अर्धे मोल त्या डब्यात असते. ‘अमुक तास चालतो’ हे वाक्य बाजूला ठेवून वॅट-तास पाहा. १८६५० आकाराची ३.४ अँपिअर-तासांची एक लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टला सुमारे १२ वॅट-तास देते. अशा सहा सेल, तीन एकापुढे एक आणि दोन समांतर, जोडल्या की १०.८ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तास, म्हणजे ७३ वॅट-तासांचा पॅक होतो. दिवा २५ वॅटचा असेल आणि त्याच्या चालक मंडलात (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) दहा टक्के वाया गेले असे धरले, तर अडीच तासांहून थोडे अधिक मिळतात. हा हिशेब तुम्ही कोणत्याही दिव्याला लावू शकता. जाहिरातीतला वेळ या हिशेबापेक्षा बराच जास्त असेल, तर तो मंद उजेडावर मोजलेला असतो.

विमानप्रवासात हाच आकडा निर्णायक ठरतो. १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम-आयन बॅटरी परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची आगाऊ मान्यता लागते, तर १६०च्या वर प्रवासी सामानातून नेताच येत नाही. सुटी बॅटरी चेक-इन सामानात टाकायची नाही. ती हातातल्या पिशवीत, टोके झाकून ठेवायची. सध्या २१७०० आकाराच्या ५ अँपिअर-तासांच्या सेल लोकप्रिय आहेत, पण त्या सहा सेल मिळून १०८ वॅट-तास होतात आणि तुम्ही विनाकारण मान्यतेच्या फेऱ्यात अडकता. डब्यावर वॅट-तास ठळक छापलेले आहेत ना, हे विकत घेतानाच पाहा. माझ्या एका पॅकवर फक्त व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास छापलेले होते. एका विमानतळावर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना गुणाकार करून दाखवण्यात वीस मिनिटे गेली, आणि तेही त्यांनी समजून घेतले म्हणून. त्या दिवसापासून मी प्रत्येक पॅकवर छापील पट्टी चिकटवतो आणि प्रवासात बॅटरी दिव्यापासून सोडवूनच ठेवतो, कारण पिशवीत चुकून पेटलेला २५ वॅटचा एलईडी कपडा जाळू शकतो.

थंडपाणी, हॅम्बुर्ग

सेलजोड यांच्या हिशेबात माझी एक भर आहे. मी नियमितपणे हेमूरच्या क्राइडेझे तलावात जातो. ती चुनखडीची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली, सुमारे ६० मीटर खोल. वर उन्हाळा असला तरी तळाशी पाणी चार-पाच अंशांवर असते. माझा दिवा नवीन असताना खोलीच्या तापमानात २ तास ५० मिनिटे चालत असे. तीन वर्षांनी, त्याच पॅकवर, खाली गेल्यानंतर ७५व्या मिनिटाला बॅटरी उतरल्याने त्याने उजेड एक पायरी उतरवला. दोष उत्पादकाचा नव्हता. वय आणि थंडी यांची बेरीज मी केली नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की नियोजित बुडीच्या किमान दीडपट वेळ, आणि तोही याच वर्षी मोजलेला. मेक्सिकोतले पाणी २४-२५ अंशांचे असते, म्हणून थंडीची काळजी तुम्हाला नाही, पण पॅक जुना होत जाणारच.

मोजणी घरीच करता येते. न्हाणीघरातली बादली भरा, डोके पूर्ण बुडवा, दिवा सर्वाधिक उजेडावर लावा आणि घड्याळ लावून ठेवा. डोके पाण्याबाहेर ठेवून ही चाचणी कधीही करू नका. ते डोके पाण्याने थंड होईल अशा बेताने बनवलेले असते आणि हवेत काही मिनिटांतच तापते.

मला एक वेगळा प्रश्नही मांडायचा आहे. आज कॅनिस्टरची खरेच गरज आहे का? वायर नसलेले, गुडमन हँडलवर बसणारे आणि दीड तास टिकणारे दिवे आता मिळतात. कमी वजन, कमी ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या), प्रवास सोपा. पहिल्याच प्रशिक्षणासाठी समुद्रकाठ यांनी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही.

गुहावासी, फ्लॉरिडा

हा आक्षेप रास्त आहे आणि दहा वर्षांपूर्वी असता तर मी तो उडवून लावला असता. आज तसे करणार नाही. पहिल्या प्रशिक्षणातल्या बुड्या तासाभराच्या असतात आणि त्यांना चांगला बिनवायरी दिवा पुरेसा आहे. तरीही माझे मत कॅनिस्टरकडे झुकते, आणि त्याचे कारण हाताच्या पाठीवर पडणारे वजन हे आहे. मोठी सेल पोटात घेतलेला दिवा मनगटाच्या पुढे लोंबतो आणि तासाभराने दोरी गुंडाळताना हात थरथरतो. कॅनिस्टरचे डोके मुठीएवढे हलके असते. शिवाय दिवसात तीन तास पाण्यात राहण्याची वेळ आली की बिनवायरी दिव्याची मर्यादा उघडी पडते. समुद्रकाठ यांनी ‘एकदाच खर्च’ असे लिहिले आहे आणि पुढे गुहा-डायव्हिंग चालू ठेवायचा त्यांचा विचार दिसतो, म्हणून कॅनिस्टर. केवळ एक सहल म्हणून जात असत्या तर मी थंडपाणी यांच्याशी सहमत झालो असतो.

जुन्या एचआयडी दिव्याविषयी कोणी लिहिलेच नाही. तो घेऊ नका. एकेकाळी हे दिवे आमचा अभिमान होते. त्यातला विद्युत-चाप इतका लहान असे की झोत सुईसारखा एकवटता येई. पण तो पेटल्यावर पूर्ण तेज यायला काही सेकंद लागतात, गरम असताना विझवून लगेच पेटवला तर दिवा खराब होतो, काचेचा बल्ब बोटीवरच्या एका धक्क्याने जातो, आणि आता तसे बल्ब शोधत फिरावे लागते. त्याच्यासोबत निकेल-मेटल-हायड्राइडचा जुना पॅक असेल तर त्याचे आयुष्यही संपत आलेले असणार.

सेलजोड, चिंचवड

त्या जुन्या पॅकविषयी एक धोक्याची सूचना. निकेलच्या किंवा शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना वायू सोडू शकतात आणि त्यात हायड्रोजन असतो. डब्याचे झाकण घट्ट लावून त्या कधीही चार्ज करू नयेत. लिथियमच्या डब्यात पाणी शिरल्याची शंका आली, तर झाकण स्वतःच्या आणि इतरांच्या चेहऱ्यापासून दूर धरून, मोकळ्या हवेत, एकेक खिट्टी सैल करत उघडावे. आत दाब साठलेला असू शकतो.

रापण, मालवण

पाणी शिरण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथे आलेल्या एका पाहुण्यांचा नवा कॅनिस्टर दिवा दुसऱ्याच बुडीत बंद पडला. डबा उघडला तेव्हा तळाशी चमचाभर पाणी होते आणि बॅटरीच्या बनाना प्लगवर हिरवट कीट धरू लागले होते. पंचा झटकताना उडालेला एकच पांढरा धागा ओ-रिंगखाली आडवा बसला होता. पाण्याने त्याच वाटेने आत प्रवेश केला. तेव्हापासून मी कोणाचाही डबा बोटीवर उघडू देत नाही. खोलीत, हात कोरडे करून, ओ-रिंग बोटाने फिरवत तिच्यावरून नख न लागता बोटाचे पेर फिरवायचे. कणभर काही असेल तर पेराला कळते. ग्रीस चकाकी येण्यापुरतेच, कारण जास्त ग्रीसला वाळू चिकटते.

वायर डब्यातून जिथे बाहेर पडते ती जागाही पाहा. तिथला रबरी गळा आखूड असेल तर वायर रोज एकाच ठिकाणी वाकते आणि वर्षभरात आतून तुटते. दुकानात हातात घेऊन वाकवून पाहता आले तर उत्तम.

थंडपाणी, हॅम्बुर्ग

रापण यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवले. माझ्या दोन दिव्यांपैकी एकाची वायर तशीच गेली. डोके वायरीपासून सोडवता येईल असा ई/ओ जोड असलेला दिवा मिळाला तर दुरुस्ती सोपी होते, कारण फक्त वायर बदलता येते. हाच जोड गरम होणाऱ्या अंगरख्यालाही वापरतात, पण तो उद्योग आमच्यासारख्या थंड पाण्यातल्या लोकांचा.

समुद्रकाठ, पुणे

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. निर्णय झाला. एचआयडीला नम्रपणे नकार कळवला. फ्लॉरिडातल्या एका छोट्या कारखान्याचा २५ वॅटचा एलईडी कॅनिस्टर दिवा मागवला. हवेत ८ अंशांचा झोत, काढता येणारी वायर, ७३ वॅट-तासांचा पॅक, आणि आकडा डब्यावर कोरलेला आहे. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा घेतला, कारण मेक्सिकोतली वीज आपल्यासारखी २३० व्होल्टची नसते.

काल बादलीतली चाचणी केली. सर्वाधिक उजेडावर २ तास २४ मिनिटांनी दिवा पहिली पायरी उतरला. सेलजोड यांच्या हिशेबापेक्षा थोडे कमी भरले, तरी ६५ मिनिटांच्या एका बुडीच्या दुपटीहून जास्त आहे. मात्र रोज दोन बुड्या असतील तर १३० मिनिटे होतात आणि दीडपटीचा नियम मोडतो. त्यासाठी दुसरा पॅक घ्यावा, की मधल्या दोन तासांत चार्ज करावे, की मेक्सिकोतल्या निवळ पाण्यात अर्ध्या उजेडावर भागवावे?

गुहावासी, फ्लॉरिडा

अर्ध्या उजेडावर सुरुवात करा. डोळ्यांना अर्धा आणि पूर्ण उजेड यांतला फरक आकड्याएवढा जाणवत नाही, आणि फिकट भिंतींच्या गुहेत तर तो अधिकच कमी वाटतो. बॅटरी मात्र जवळजवळ दुप्पट टिकते. मधल्या वेळात चार्ज करायला सेनोटेच्या काठावर वीज मिळेलच असे धरून चालू नका. दोन्ही राखीव दिव्यांतल्या सेल त्याच दिवशी सकाळी नव्या किंवा पूर्ण चार्ज केलेल्या असू द्या. एकही दिवा गेला, राखीव असला तरी, तिथूनच परत फिरायचे हे प्रशिक्षक पहिल्या दिवशी सांगतीलच.

आणखी एक. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे थर जिथे भेटतात तिथे सगळे तेलकट, लहरी दिसू लागेल आणि तुमचा झोत फुटल्यासारखा वाटेल. दिव्यात बिघाड झाला असे समजू नका. सोबत्याच्या थोडे वर किंवा बाजूला सरका, वर्तुळ पुन्हा स्पष्ट होईल.

रापण, मालवण

ताई, येत्या रविवारी भरती सकाळी आहे आणि पाणी चार दिवसांपासून निवळ आहे. दिवा घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर सातला या. हँडलची कडी हातमोज्यासकट बसते का तेही पाहू. नवी कडी बहुतेक वेळा एक भोक सैल करावी लागते, त्यासाठी षट्कोनी किल्ली मी आणतो.

समुद्रकाठ, पुणे

रविवारी सातला पोहोचते. ओ-रिंग शनिवारी रात्री खोलीतच पाहून ठेवीन. पंचा दूर ठेवून.